फ्रीसेल: सगळी पानं समोर, तरी अडकतं कुठे?

मागच्या वेळी या सदरात क्लोंडाइकबद्दल लिहिलं होतं, म्हणजे कम्प्युटरवरचं ते सात ढिगांचं नेहमीचं सॉलिटेअर, आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की मला स्वतःला फ्रीसेल जास्त आवडतो. बस, तेवढ्या ओळीवरच सगळी पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी तुमच्या शब्दांत दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न: क्लोंडाइक मला छान जमतो. फ्रीसेल उघडला तर सगळे पत्ते उघडेच, गठ्ठा नाही, वर आठ रिकामे चौकोन. करायचं काय तेच कळेना. अगदी पहिल्यापासून सांगाल?

सांगते. एक कॅट, ५२ पानं, जोकर नको. सगळी पानं सरळ उघडी वाटायची, आठ कॉलममध्ये, डावीकडच्या चार कॉलमना सात-सात आणि उजवीकडच्या चारांना सहा-सहा. वर जे आठ चौकोन दिसतायत त्यातले डावीकडचे चार म्हणजे सेल, तिथे कुठलंही पान तात्पुरतं ठेवता येतं पण एका सेलमध्ये एकच. उजवीकडचे चार म्हणजे घरं. घरात एक्का आधी, मग त्याच चिन्हाची दुर्री, तिर्री असं चढत राजापर्यंत. बदामच्या घरात बदामच, इस्पिकच्या घरात इस्पिकच. चारही घरं राजापर्यंत पोचली की डाव जिंकला.

खाली कॉलममध्ये उलटं चालतं, उतरता क्रम आणि लाल-काळं आलटून पालटून, हे तुम्हाला क्लोंडाइकमुळे माहितीच आहे. इस्पिकच्या दश्शीवर बदामची किंवा चौकटची नव्वी बसेल, किलवरची नाही बसणार. हलवायचं ते कॉलमच्या टोकाचं पान, जे पूर्ण दिसतं ते. सेलमधलं पान परत कॉलममध्ये आणता येतं किंवा थेट घरी पाठवता येतं, पण एकदा घरी गेलं की नियमाप्रमाणे ते तिथेच राहिलं.

आता फरक कुठे आहेत ते बघा. क्लोंडाइकमध्ये रिकाम्या कॉलममध्ये फक्त राजा जातो, इथे कुठलंही पान जातं, अगदी दुर्रीसुद्धा. गठ्ठा नाही, त्यामुळे पुढचं पान काय येईल ही वाट बघणं नाही. आणि सगळ्यात मोठा फरक, क्लोंडाइकमध्ये सुरुवातीला २१ पानं ढिगांत पालथी असतात आणि २४ गठ्ठ्यात, म्हणजे ५२ पैकी फक्त सात तुम्हाला दिसतात, आणि बाकीच्यांचा अंदाज बांधत खेळायचं. इथे ५२ च्या ५२ दिसतात. नशीब काय ते वाटताना, त्यानंतर सगळं तुमच्या डोक्यावर. काही लोकांना हेच आवडत नाही, हरलं की पत्त्यांवर ढकलता येत नाही ना!

प्रश्न: कधी पाच पानांची रांग एकदम उचलली जाते, कधी तीन पानंसुद्धा हलत नाहीत. गेममध्ये बग आहे का?

बग नाही, आणि हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की जरा सविस्तर लिहिते, कारण हे गणित कळलं की अर्धा फ्रीसेल कळला असं माझं मत आहे.

मूळ नियम असा की एका वेळी एकच पान हलतं. रांग एकदम हलते ती फक्त कम्प्युटरची सोय आहे, तुमचे क्लिक वाचवायला. आतून तो बघतो की हीच रांग एकेक पान करून, रिकामे सेल वापरून, तिकडे नेता आली असती का, आली असती तर एकदम उचलून देतो. समजा किलवरची दश्शी, तिच्यावर बदामची नव्वी, तिच्यावर इस्पिकची अठ्ठी अशी तीन पानं आहेत आणि ती चौकटच्या गुलामावर न्यायचीत. तर अठ्ठी एका सेलमध्ये, नव्वी दुसऱ्या सेलमध्ये, दश्शी गुलामावर, मग नव्वी परत दश्शीवर आणि अठ्ठी नव्वीवर. म्हणजे तीन पानांना दोन रिकामे सेल लागले. चार सेल रिकामे असतील तर पाच पानं, एकच रिकामा असेल तर दोन, एकही नसेल तर फक्त एक. रिकाम्या सेलमध्ये एक मिळवा, झालं उत्तर.

पण हे रिकामा कॉलम नसताना. एक कॉलम पूर्ण मोकळा असेल तर हा आकडा दुप्पट होतो. कसा, तर दोन सेल रिकामे आहेत असं धरा, त्यांच्या जोरावर तीन पानं हलतात, ती आधी त्या मोकळ्या कॉलममध्ये नेऊन ठेवायची, मग उरलेली तीन पानं त्याच दोन सेलच्या जोरावर हव्या त्या जागी न्यायची, आणि मोकळ्या कॉलममधली तीन त्यांच्यावर आणून बसवायची. सहा पानं हलली. दोन कॉलम मोकळे असतील तर पुन्हा दुप्पट, म्हणजे बारा. चारही सेल रिकामे आणि एक कॉलम मोकळा तर दहा.

फक्त एक अडचण असते आणि बहुतेकांना बग वाटतो तो इथे वाटतो. रांग जर त्या मोकळ्या कॉलममध्येच न्यायची असेल तर तो कॉलम मदतीला धरता येत नाही, तो स्वतःच मुक्काम आहे. म्हणजे दोन सेल आणि एक मोकळा कॉलम असताना दुसऱ्या पानावर सहा हलतील पण त्या मोकळ्या कॉलममध्ये मात्र तीनच. आणि काही अ‍ॅप्स रिकामा कॉलम हिशोबात धरतच नाहीत, नुसते सेल मोजतात, मग तिथे हे सगळं हाताने दोन टप्प्यांत करायचं. चालतं, नियमात बसतं.

प्रश्न: माझे चारही सेल सुरुवातीलाच भरतात आणि मग खेळ संपतो. दर वेळी हेच. काय चुकतंय?

चाल दिसली की करून टाकताय, असा माझा अंदाज. क्लोंडाइकची सवय आहे ती, तिथे पान उघडायचं असतं म्हणून जे हलतं ते हलवलं की सहसा फायदाच होतो. इथे उघडायचं काही नाहीये. लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर बसतेय म्हणून बसवली, छान दिसलं, पण त्या अठ्ठीखाली तुमचा एक्का दबलेला असेल तर तुम्ही त्याच्यावर आणखी एक पान चढवलंत, बाकी काही नाही.

पहिली चाल करायच्या आधी चार एक्के आणि चार दुर्र्या कुठे आहेत ते शोधा. नुसते कुठे नाही, किती खोल. सात पानांच्या कॉलममध्ये अगदी मुळाशी एक्का असेल तर त्याच्यावर सहा पानं आहेत आणि सेल चारच, म्हणजे त्यातली निदान दोन तरी दुसऱ्या कॉलमवर बसवता आली पाहिजेत. बसतील का, कुठे बसतील, हे सगळं समोर दिसतंय, तर बघून घ्या. बऱ्याचदा एखाद्या चिन्हाचा एक्का वरच असतो आणि आपण खूश होतो पण त्याची दुर्री मुळाशी असते, मग ते घर एक्क्यावरच थांबून राहतं, म्हणून दोन्ही बघायचे.

मग सेल. सेलमध्ये पान ठेवताना स्वतःला विचारा की हे बाहेर कधी आणि कुठे जाणार. उत्तर असेल तर ठेवा, "बघू नंतर" असं उत्तर असेल तर दुसरी चाल शोधा. छोटी पानं सेलमध्ये त्या मानाने चालतात, तिर्री-चौकी लवकर घरी जाते. राजा मात्र सेलमध्ये टाकणं म्हणजे तो सेल विसरून जाणं, कारण राजा कुठल्याच पानावर बसत नाही, त्याला मोकळा कॉलमच लागतो नाहीतर अगदी शेवटी घर. राणीचंही जवळपास तसंच, विरुद्ध रंगाचा राजा टोकाला असेल तरच सुटका. शक्यतो दोन सेल मोकळे ठेवून खेळायचं, तिसरा भरायची वेळ आली की थांबून पुढच्या पाच-सहा चाली मनात करून बघायच्या, आणि चौथा भरायचा तो फक्त तेव्हा, जेव्हा त्यानंतरची चाल एखादा सेल मोकळा करणारी आहे हे नक्की दिसतंय.

आणि खरा मुद्दा, कॉलम मोकळा करणं. वर गणित केलंच आहे, रिकामा सेल आकडा एकाने वाढवतो आणि रिकामा कॉलम दुप्पट करतो. तरी नवीन खेळाडू सगळं लक्ष सेलवर ठेवतात आणि कॉलम मोकळा झाला की लगेच कुठलं तरी पान त्यात टाकतात, का तर जागा रिकामी दिसते! ती जागा रिकामी आहे हीच तुमची कमाई आहे. ती खर्च करायची तर राजापासून सुरू होणारी लांब रांग तिथे लावायला, किंवा दबलेला एक्का काढायला, आणि काढून झालं की पुन्हा मोकळी करायचा विचार आधीच केलेला असावा.

कुठला कॉलम मोकळा करायचा हे निवडताना सहा पानांचे चार बघा, एक पान कमी म्हणजे एक चाल कमी. ज्याच्या मुळाशी राजा आहे तो कॉलम मात्र मोकळा करायच्या भानगडीत पडू नका, राजा आधीच योग्य जागी बसलाय, त्याच्यावरची पानं काढली की राणी, गुलाम, दश्शी अशी सलग रांग तिथेच लावता येते. ज्या कॉलमच्या पोटात एक्का-दुर्री आहे त्याच्या टोकावर लांब रांग बांधू नका, ती सगळी नंतर उचलावी लागेल. हे वाचायला सोपं वाटतं, खेळताना हात आवरत नाही हे मलाही माहितीये.

अजून एक, दोन पानांमध्ये निवड असते तेव्हा घाई नको. काळी नव्वी बदामच्या दश्शीवरही बसते आणि चौकटच्या दश्शीवरही, तर यातल्या कुठल्या दश्शीखाली काय आहे हे बघून ठरवायचं. मला विचाराल तर जिंकणारा आणि हरणारा बऱ्याचदा अशाच एखाद्या निवडीत वेगळे होतात.

प्रश्न: प्रत्येक डाव सुटतोच असं म्हणतात. खरं का? मग मी अडकले तर चूक माझीच समजायची?

जवळजवळ प्रत्येक. अडकलात तर चूक तुमची असण्याची शक्यता फार फार जास्त आहे, पण शंभर टक्के नाही, आणि यामागे एक गंमतशीर इतिहास आहे.

फ्रीसेल आज ज्या रूपात आहे तो पॉल अल्फिल यांनी १९७८ मध्ये लिहिला, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या कम्प्युटर सिस्टिमवर. घरोघरी पोचला तो मात्र विंडोजमुळे, मायक्रोसॉफ्टची आवृत्ती जिम हॉर्न यांनी केली आणि विंडोज ९५ बरोबर ती सगळीकडे गेली. त्यात ३२,००० डाव होते, प्रत्येकाला नंबर, नंबर टाकला की जगात कुठेही तोच डाव लागायचा. (जुन्या लोकांना आठवत असेल, वर मधोमध एक छोटा राजा असायचा, माउस जिकडे जाईल तिकडे तोंड फिरवायचा. आणि एकच चाल शिल्लक राहिली की खिडकीची वरची पट्टी लुकलुकायची, तेव्हा छातीत धस्स व्हायचं.)

नंबर असल्यामुळे लोकांना प्रश्न पडला की हे सगळे सुटतात का. १९९४ मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवर लोक जमवले, डाव वाटून दिले आणि एकाला जमला नाही की तो दुसऱ्याकडे, असं करत १९९५ पर्यंत सगळे ३२,००० डाव माणसांनी हाताने खेळून काढले. एक सोडून सगळे सुटले. तो एक म्हणजे ११९८२ नंबरचा. पुढे कम्प्युटर प्रोग्रॅम लावून बघितलं तर तो खरोखरच सुटत नाही हे नक्की झालं. विंडोज एक्सपीमध्ये डाव वाढवून दहा लाख केले, त्यातही न सुटणारे फक्त आठ निघाले, ११९८२ त्यातलाच एक. बाकीच्यांतला १४६६९२ लक्षात ठेवा, कुणी फ्रीसेलमध्ये फार फुशारकी मारत असेल तर त्याला हा नंबर द्या.

जुन्या आवृत्तीत उणे एक आणि उणे दोन असे नंबर टाकले तर दोन खास डाव लागायचे, तेही मुद्दाम न सुटणारे बनवलेले.

म्हणजे हिशोब असा की दहा लाखांत आठ. क्लोंडाइकशी तुलना करा, तिथे तीन-तीन पानं उलटून खेळताना सगळी पालथी पानं आधीच माहिती आहेत असं धरलं तरी साधारण ८२ टक्केच डाव सुटू शकतात, आणि प्रत्यक्षात पानं माहिती नसताना माणूस त्याच्या कितीतरी कमी जिंकतो. त्यामुळे फ्रीसेलमध्ये अडकल्यावर नवीन डाव लावू नका, तोच पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी पानं कुठे अडतात ते माहिती असतं.

प्रश्न: अनडू वापरणं म्हणजे लबाडी नाही का? आमच्या घरात यावर रोज वाद.

एकट्याने खेळायच्या खेळात लबाडी कुणाशी? सगळी पानं उघडीच आहेत, अनडूने तुम्हाला नवीन काही दिसत नाही, जे मनात करून बघायला हवं होतं ते हाताने करून बघताय एवढंच. क्लोंडाइकमध्ये पालथं पान उघडून बघून अनडू करणं याला मी लबाडी म्हणेन. स्ट्रीक मोजत असाल, म्हणजे सलग किती जिंकले वगैरे, तर अनडूवाली आणि बिनअनडूवाली वेगळी मोजा आणि घरात शांतता ठेवा.

प्रश्न: पान घरी जाण्यासारखं झालं की लगेच पाठवावं का? माझा मोबाइल तर न विचारता पाठवतो.

नेहमी नाही. एक्के आणि दुर्र्या डोळे मिटून पाठवा, दुर्रीवर बसेल असं पान म्हणजे एक्का आणि त्याला दुर्रीवर बसायची गरजच नाही. त्याच्या पुढे जरा विचार करा. समजा चौकटची छक्की घरी जाऊ शकते, पण किलवरची पंजी अजून खाली कुठेतरी अडकलीये, तर तिला टेकायला लाल छक्की लागणार. तुम्ही छक्की घरी पाठवली आणि बदामची छक्की दबलेली असेल तर ती पंजी सेलमध्ये जाऊन बसते, म्हणजे घर भरलं आणि सेल गेला.

सोपा नियम असा की लाल पान पाठवताना त्याच्याहून एकने लहान असलेली दोन्ही काळी पानं घरी गेलीत का बघा, काळं पाठवताना दोन्ही लाल. गेली असतील तर बिनधास्त पाठवा, त्या पानाची खाली कुणालाच गरज उरलेली नाही. बऱ्याच अ‍ॅप्समध्ये आपोआप पाठवणंही याच नियमाने चालतं, त्यामुळे ते बहुतेक वेळा निर्धोक असतं. पण काही अ‍ॅप्स जे जाईल ते सरसकट पाठवतात, तसं होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

प्रश्न: मोबाइल नको, खरे पत्ते घेऊन खेळता येईल का?

येईल की. जागा जरा जास्त लागते, आठ कॉलम आडवे आणि प्रत्येक पानाचा वरचा भाग दिसेल इतकं खाली सरकवत. वाटताना डावीकडून उजवीकडे आठ, मग पुन्हा आठ, असं सहा वेळा करा आणि उरलेली चार पानं डावीकडच्या पहिल्या चार कॉलमवर. सेलच्या जागी काही ठेवायची गरज नाही, फक्त चारच्या वर जाऊ नका! रांग हलवताना दर वेळी एकेक पान करून हलवायचा कंटाळा येतो, तेव्हा वरचं गणित करा आणि एकदम उचला. नीट पिसून घ्या मात्र, जिंकलेल्या डावानंतर पत्ते चिन्हावार लागलेले असतात.

प्रश्न: फ्रीसेल आता सोपा वाटतो, जवळजवळ सगळे सुटतात. याच्या पुढे काय?

बेकर्स गेम. सगळी मांडणी तीच, आठ कॉलम, चार सेल, फक्त लाल-काळं नाही तर त्याच चिन्हाचं पान लावायचं, बदामच्या नव्वीवर बदामचीच अठ्ठी. खरंतर हा फ्रीसेलच्या आधीचा, मार्टिन गार्डनर यांनी १९६८ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात तो दिला होता आणि अल्फिल यांनी त्यातला चिन्हाचा नियम बदलून लाल-काळं केलं, तेव्हा फ्रीसेल झाला. फरक छोटा वाटतो पण फ्रीसेलमध्ये एका पानाला बसायला दोन जागा असतात, इथे एकच, आणि ती दबलेली असेल तर काही इलाज नाही. सुटणारे डाव साधारण चारात तीन, म्हणजे इथे अडकलात तर चूक खरंच तुमची नसेलही.

बेकर्स गेम फारच छळायला लागला तर एट ऑफ खेळून बघा. त्यात आठ सेल, आठही कॉलममध्ये सहा-सहा पानं आणि उरलेली चार सुरुवातीलाच सेलमध्ये. लावायचं त्याच चिन्हाचं, आणि मोकळ्या कॉलममध्ये फक्त राजा. आठ सेल ऐकून सोपं वाटतं, पण मोकळा कॉलम राजाशिवाय कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून रांग हलवताना त्याची दुप्पट मिळत नाही, सगळी भिस्त सेलवरच. म्हणून इथे राजे कुठल्या कॉलममध्ये किती खोल आहेत हे एक्क्यांच्या बरोबरीने आधी बघून घ्या.